रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

१

मेघा, मला आधी एक सांग. माणूस म्हणतो मी चोरलं नाही, डिझेलची टाकी म्हणते चोरी झाली, आणि धरमकाटा म्हणतो गाडीत काहीच नव्हतं. तिघंही माझ्या ओळखीचे, तिघांशीही माझा वर्षानुवर्षांचा व्यवहार. विश्वास कोणावर ठेवायचा?

तोंडी उत्तर देऊ नकोस. हे सगळं वाचून झाल्यावर वहीत दे. काल तू जे केलंस त्याच्यावर मी रागावलेलो नाही. काट्याच्या पावतीवर एकोणीसशे पंच्याण्णव किलो होतं आणि तू वहीत एकोणीसशे तीस लिहिलंस. वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात "काट्याची चूक" अशी टीपही दिलीस. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून केलंस, हे मला कळतं. पण बेटा, काट्याची चूक नव्हती. तू कामाला लागून आठच दिवस झालेत, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

मी शाळा सातवीपर्यंत केली. पारशिवनीहून सायकलवर दोन टोपल्या संत्री आणून विकायचो, तिथून कळमन्याच्या बाजारात आडतीचं दुकान झालं. बाकीचं शिक्षण रस्त्यानं दिलं. गाडी घेतली तेव्हा एका म्हाताऱ्या सरदारजीनं मला फुकट एक विद्या दिली. म्हणाला, "वामनराव, डिझेल मोजायचं तर बोचकं बांधून मोजा, मुठीनं नको." म्हणजे टाकी तोंडापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, परत तोंडापर्यंत भरायची. मधे अंदाज नाही. ही जी निळी वही तुझ्या हातात आहे, ती त्याच विद्येची.

आपली पिकअप कळमन्याहून संध्याकाळी संत्री भरून जबलपूरला जाते. तिथे उतरवते, टाकी भरते, रिकामे प्लास्टिकचे कॅरेट घेऊन रात्रीच परत निघते आणि पहाटे इथे पुन्हा टाकी भरते. त्यामुळे जाण्याचं आणि येण्याचं अ‍ॅव्हरेज वेगवेगळं निघतं. जाताना बारा क्विंटल माल, दहाचं अ‍ॅव्हरेज. येताना रिकामी, पावणेतेराचं. तुझा बाप स्टेअरिंगवर असताना त्यात कधी फरक पडला नाही. धम्मानंद पासष्टच्या वर गाडी नेत नाही. निघण्याआधी टायरची हवा तपासतो, टायर गरम झाल्यावर नाही. कुरईच्या घाटात उतारावर बाकीचे ड्रायव्हर डिझेल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रल करतात, हा गिअरमध्येच ठेवून पाय उचलतो. मी एकदा विचारलं, "काहून गा, न्यूट्रल काहून नाही करत?" तर म्हणाला, "सेठ, उतारावर गिअरमधली गाडी डिझेल मागतच नाही. अन् ब्रेक हातचा राह्यते."

असा माणूस. आणि ह्याला मी चोर म्हटलं.

२

फेब्रुवारीपासून येतानाचं अ‍ॅव्हरेज पावणेतेरावरून साडेअकरावर आलं. जातानाचं जिथल्या तिथे. हिशोब केला तर प्रत्येक फेरीला दोन लिटर जास्त. कमी नाही, जास्त नाही, दोन.

दोन लिटर हा आकडा वाईट आहे, मेघा. पाच लिटर गेलं असतं तर मी गळती शोधली असती. दोन लिटर म्हटलं की थंड पेयाची रिकामी बाटली डोळ्यासमोर येते. सीटखाली बसते, घरी नेता येते.

दुसरी शक्यता होती, की परतीत तो कोणाचा तरी माल किंवा सवाऱ्या भरतो. म्हणून सहा फेऱ्या मी पहाटे गाडी धरमकाट्यावर चढवली. आपली गाडी ड्रायव्हर उतरवून, कॅरेटांसकट, एकोणीसशे तीस किलो. सहाही वेळा एकोणीसशे तीस. रस्त्यात माल उतरवला म्हणावं तर त्याला वेळ लागतो, आणि टोलच्या पावत्यांवरून वेळ बरोबर निघत होता.

मग उरलं काय?

चहाच्या टपरीवर, चार ड्रायव्हर उभे असताना मी त्याला विचारलं. विचारलं कसलं, सुनावलंच. तो म्हणाला, "सेठ, डिझेल म्या नाई घेतलं. पण गाडी जड चालून राहिली. पेंचच्या भिंतीपासून जड चालते."

"काटा सांगते रिकामी हाय!"

"काट्यावर रिकामीच राह्यते. कामठीच्या अलीकडे पहिल्या सिग्नलले थांबलो का हलकी होते."

चौघं हसले. त्यांच्याहून मोठ्यानं बाकड्यावरचा देवाजी हसला, तोच तो जुन्या गाड्या घेऊन विकणारा. त्या दिवसापासून बाजारात तुझ्या बापाचं नाव 'दोन लिटर' पडलं, आणि त्याला कोणी चावी देईना.

३

मी दुसरा ड्रायव्हर ठेवला. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत दोन लिटर.

रात्रभर ती पानं समोर घेऊन बसलो. एक तर चोर दोन होते, किंवा एकही नव्हता. दोन अनोळखी माणसं एकाच मापाची चोरी करत नाहीत. मग मी एक गणित मांडलं. ते पहिल्याच दिवशी मांडायला हवं होतं. पेंचच्या जंगलात रस्त्याच्या दोन्ही कडांना लोखंडी भिंती लावल्यात, पुलाखालून जाणाऱ्या जनावरांना गाड्यांचा उजेड आणि आवाज लागू नये म्हणून. तिथून कळमना नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. एवढं अंतर रिकाम्या गाडीला साडेसात लिटर लागतं. भरलेल्या गाडीला साडेनऊ.

फरक दोन लिटर.

मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. उत्तर तेच.

दुसऱ्या दिवशी इंदोऱ्याला तुमच्या घरी आलो. दार तू उघडलंस. तुझं वाक्य मला पाठ आहे. "या काका, पाणी घ्या. चोराच्या घरचं चालते ना?"

मी प्यायलो. तुझा बाप आतून आला आणि त्यानं खुर्ची दिली. मी म्हटलं, "धम्मानंद, चल. आज मी पण येतो."

"काहाले सेठ?"

"चोर पकडाले."

"अन् नाई सापडला त?"

"त बाजारात चार लोकांसमोर बोललो, तिथंच परत बोलीन."

४

निघताना तुझ्या काकूनं, शामलानं, लिंबू-मिरची बांधायला आणली होती. धम्मानंद बघत उभा राहिला. त्याला हे मान्य नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मीच म्हटलं, "राहू दे वं. लिंबानं अ‍ॅव्हरेज वाढत असतं तर मी टाकीतच पिळलं असतं." ती लिंबू-मिरची घेऊन आत गेली.

जबलपूरला माल उतरवला. टाकी भरली, झाकणाला सुतळी बांधून त्यावर लाख ओतली आणि माझी अंगठी दाबली. काच आतून बाहेरून वर्तमानपत्राच्या कागदानं पुसली. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यात मळकी काच माणसाला आंधळं करते. माझा नियम आहे, दोन ते चार ह्या वेळात गाडी उभी करून झोपायचं, म्हणून शिवनीच्या एका ढाब्यावर झोपलो. दोघंही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून तू म्हणशील काकांचा डोळा लागला असेल. डोळे उघडे ठेवून झोपलेली माणसं मी पाहिलीत. चाळीस वर्षांत दोन अपघातांत मी पंचनाम्याला उभा राहिलोय. म्हणून मी झोपून उठलो, तोंड धुतलं, फुटाणे मधल्या सीटवर ठेवले, आणि सव्वाचारला निघालो.

रिकामी गाडी कशी चालते, तुला माहीत नसेल. वाजते. एकात एक घातलेले शंभर कॅरेट, मागच्या फाळक्याची साखळी, सगळं खडखडत राहतं. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं. धम्मानंद तुझ्याबद्दल सांगत होता, पोरीनं बी.कॉम. केलं, पण नोकरी मागायला गेली की पहिले विचारतात बाप काय करतो. हे तो ओरडून सांगत होता, आणि मी काचेबाहेर बघत होतो.

भिंती सुरू झाल्या. हिरवट लोखंड, माणसाच्या दुप्पट उंच, दोन्हीकडे. आपल्याच दिव्याचा उजेड त्यांच्यावर घसरत बरोबर येतो.

धम्मानंदचं वाक्य अर्धं झालं होतं. उरलेलं अर्धं फार मोठ्यानं ऐकू आलं.

कॅरेट वाजायचे थांबले होते.

५

पहिला विचार मी केला तो सरळ होता. भिंती आवाज शोषायलाच लावल्यात. दुसरा विचार, इथला रस्ता गुळगुळीत आहे. मी काच खाली केली. आपल्या इंजिनाचा आवाज भिंतीला लागून परत येत होता. मला सगळ्या गाड्यांचे आवाज कळतात, मेघा. तो भरलेल्या गाडीचा आवाज होता.

"गिअर कोणता?" मी विचारलं.

"चौथा. पाचवा घेत नाई आता."

मागच्या छोट्या काचेला मी तळवा लावला. काच थंड असायला हवी होती. एप्रिल असला तरी पहाटे जंगलात गार असतं. ती कोमट होती, बंद खोलीत बरेच जण बसल्यावर असते तशी. बॅटरी लावून आत पाहिलं. कॅरेट. रचलेले, निळे, रिकामे. फक्त वरच्या रांगेतले जरा दबलेले, कडा बाहेरच्या बाजूला वाकलेल्या.

भिंती संपल्या. आवाज परत येईल म्हणून मी कान देऊन बसलो. नाही आला. खवासा गेलं, देवलापार गेलं. खड्डा आला तरी मागे काही खडखडलं नाही. धम्मानंद नेहमीसारखा चालवत होता, समोरून ट्रक आला की दिवा खाली, गेला की वर. त्याच्या कपाळावर घाम नव्हता. दोन महिने हा माणूस हे ऐकत गाडी आणत होता. त्यानं सांगितलं तेव्हा मी हसणाऱ्यांत उभा होतो.

मनसरच्या अलीकडे मी म्हटलं, "गाडी बाजूला घे."

"सेठ, मधात थांबायचं नाई, तुमचाच नियम हाय. एकदा थांबून उठवली का डिझेल..."

"माहीत हाय माझा नियम. घे बाजूला."

त्यानं चारही इंडिकेटर लावले आणि गाडी पूर्ण कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

साखळी सुटल्याचा आवाज आला. मग फाळका खाली आला, आदळला नाही, कोणीतरी हात धरून सोडावा तसा. आणि गाडी एकदा हलली. मागचे स्प्रिंगचे पाटे जरा वर आले. पुन्हा हलली. पुन्हा.

हमाल पोती उतरवतात तेव्हा मी दुकानात बसल्या जागी, न बघता मोजतो. जन्माची सवय आहे. माझ्या कमरेला कळतं एक पोतं गेलं, दुसरं गेलं. तसंच मी मोजत गेलो. काही हिसके मोठे होते, काही हलके. एक फार हळू होता, मधे थांबून, जसं कोणी धरून उतरवावं. इंडिकेटरचा पिवळा उजेड लागत होता, विझत होता. बाजूच्या आरशात मागची मुरमाची कड दिसत होती. कोणी नव्हतं. एकदाच, उजेड विझता विझता, मुरमावर पायांच्या जागा दिसल्या. पाय नाही. जागा. दबलेल्या, जवळजवळ, सगळ्यांची बोटं गाडीकडे.

मग फाळका परत वर गेला आणि साखळी अडकवली गेली.

मला भीती वाटली ती तेव्हा. फुकटची सवारी फाळका लावून जात नाही. फाळका लावतो तो रोजचा माणूस.

६

गाडी निघाली आणि कॅरेट असे खडखडले की मी दचकलो. मी म्हटलं, "बावीस."

धम्मानंदनं माझ्याकडे पाहिलं नाही. "सेठ, जानेवारीतला माहा फोन आठवते?"

आठवला. धुक्याची रात्र होती. त्यानं भिंतीपाशी वेग कमी करून फोन केला होता, की कडेला लोक उभे आहेत, बायामाणसं आहेत, हात दाखवतात, काय करू? मी झोपेत होतो. मी म्हटलं, "थांबू नको. रात्री जंगलात कोणासाठी थांबायचं नसते. अन् गाडी उठवायले डिझेल काय तुहा बाप देईल?" नियम बरोबर होता. आजही मी कोणालाही तेच सांगीन. सकाळी मी चौकशीही केली होती. अपघात नव्हता, कोणी हरवलं नव्हतं, तिथे जवळ गावही नाही. वहीत त्या तारखेला माझ्याच अक्षरात आहे, 'थांबलो नाही. अ‍ॅव्हरेज १२.९.' खाली मी खुशीची रेघ मारली आहे. त्या महिन्याचं अ‍ॅव्हरेजचं इनाम धम्मानंदला मिळालं होतं.

"तुम्ही आता बावीस मोजले?" त्यानं विचारलं.

"बावीस. चुकत नाई मी."

"म्या त्या रात्री तेवीस मोजले होते."

कामठी जवळ आली. मी मधल्या सीटवरची फुटाण्यांची पुडी उचलून मांडीवर घेतली. का, ते विचारू नकोस. मग मला माझाच राग आला. ही गाडी माझी, हप्ते मी फेडलेत, आणि मीच दाराला चिकटून बसतो? मी सरळ बसलो आणि मोठ्यानं म्हटलं, "उतरायचं नसंल त बसा. पण ह्या गाडीत जे चढते ते वहीत लागते."

कळमन्याला टाकी भरली. लाखेचं सील जसंच्या तसं, आणि जास्तीचं डिझेल दोन नाही, लिटरभरच. मनसरपासून पुढे गाडी हलकी चालली होती ना, म्हणून. मग धरमकाटा. आम्ही दोघंही उतरून बाजूला उभे राहिलो. काट्यावरच्या अंकुशनं खिडकीतून डोकं काढलं.

"सेठ, आत कोणी बसलं हाय का? उतरा म्हना त्याले."

एकोणीसशे पंच्याण्णव.

मी केबिनचं दार उघडून दाखवलं. अंकुशनं पाहिलं, आकड्याकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाला, "थांबा, शून्य करून पुन्हा घेतो."

"हात लावू नको. दिसते ते छाप."

७

त्याच सकाळी त्याच टपरीवर मी उभा राहिलो. म्हटलं, धम्मानंदनं डिझेल चोरलं नव्हतं, मी खोटं बोललो होतो. कोणीतरी विचारलं, मग गेलं कुठं? मी जे झालं ते सांगितलं. हसले. हसोत. देवाजी मागून आला, गळ्यात हात टाकून म्हणाला, "वामनराव, भुताची गाडी आता कोणी घेनार नाई. मले देऊन टाका, अर्ध्यात."

मी म्हटलं, "देवाजी, तेवीस गिऱ्हाईक रोज जिच्यासाठी उभे राहतात ती गाडी कोणी अर्ध्यात देते का गा?"

तो हसायचा थांबला. पण बाजार अजून अर्धाच मानतो, मला माहीत आहे. अर्धे म्हणतात म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, ड्रायव्हरनं चांगलं गुंडाळलं. तुझ्या बापाचं नाव धुवायचं तर अर्ध्यानं भागत नाही. म्हणून ही वही मी तुझ्या हातात दिली. ज्याला मी चोर म्हटलं त्याच्या पोरीनं लिहिलेला आकडा कोणी माझ्या सोयीचा म्हणणार नाही. आणि काल काट्यावर पुन्हा एकोणीसशे पंच्याण्णव आलं, तर तूच तो आकडा सोयीचा केलास.

शामला म्हणते पूजा घाल. देवाजी म्हणतो विक. डॉक्टर म्हणतो रात्रीचा प्रवास बंद करा. मी कोणाचंच ऐकणार नाही. ह्या रस्त्यावर चाळीस वर्षं मी पैसे देऊन शिकलोय, आणि माझ्या गाडीत बसणाऱ्याला तोंड लपवून बसू देणार नाही. जानेवारीत थांबलो नाही, तर आज थांबतो. भिंतीपाशी गाडी उभी करीन, फाळका मी माझ्या हातानं उघडीन. मोजून चढवीन, मनसरला मोजून उतरवीन, आणि तेविसाव्याला विचारीन की बाबा, की बाई, तुला कुठं जायचं आहे ते एकदा सांग. धम्मानंद चालवेल. परतीला मी मागे बसणार आहे, कॅरेटांवर, त्यांच्यात. मालाच्या गाडीत मागे बसणं नियमात नाही. तेही लिही.

आता तुझं काम. उद्या सकाळी सहाच्या आधी काट्यावर ये. धम्मानंदला उतरव, मला उतरवू नको. मी आज चपलांसकट अठ्ठ्याहत्तर किलो भरलो, पावती वहीत टाचली आहे. गाडी एकोणीसशे तीस, मी अठ्ठ्याहत्तर, म्हणजे दोन हजार आठ. अंकुशचा काटा पाच-पाच किलोनं सरकतो, तेव्हा दोन हजार पाच किंवा दोन हजार दहा. अंकुशला शून्य करू देऊ नको. जास्त आलं तर जास्त लिही.

आणि कमी आलं, एकोणीसशे तीसच आलं, तरी तेच लिही, बेटा. मी मागे कॅरेटांवर बसलेला दिसेन. हात करीन, चहा मागीन, कदाचित म्हणेनही की काट्याची चूक आहे, खोड ते. माझ्याकडे बघू नकोस. आकड्याकडे बघ, आणि शाईनं लिही.